कोपऱ्यातलं पांढरं गाठोडं

२ नोव्हेंबर

ही वही खरं तर कामासाठी घेतली. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, रोज काय बांधलं, कुठल्या खोक्यात ठेवलं, ते लिहीत जा. पण आज दिवसभरात खोकी बांधून झाली तीन आणि आईशी वाद झाले पाच. तेव्हा खोक्यांचे कागद वेगळे करते. ही वही माझी, आणि कुणी वाचायची नाही.

बाबांना जाऊन दोन महिने होत आले. छापखान्याच्या मागची त्यांची शेड मालकाला महिनाअखेर रिकामी करून हवी आहे. माणूस वाईट नाही, इतकी वर्षं थांबला, पण त्यालाही आता तिथे यंत्र बसवायचंय. संग्रहालय बाबांचं सगळं काम एकत्र घ्यायला तयार आहे. प्लास्टरची डोकी, मातीचे नमुने, हत्यारं, कच्ची चित्रं आणि पत्र्याच्या पेटीतले ढीगभर फोटो. फक्त डोकी कुणाची, फोटोत कोण, हे सांगणारं माणूस हवं, आणि देणगीच्या कागदावर आईची सही हवी. म्हणजे फिरून फिरून सगळं आईपाशीच येतं. ती नाही म्हणाली तर हे सगळं न्यायचं कुठे? आमच्या घरात जिवंत डोकीच मावत नाहीत.

आई सकाळीच आली, बाबांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चालू द्या तुमचं. मी आहे इथे."

मी पेटीतला पहिला फोटो पुढे केला. "हा कोण गं?"

"आठवत नाही."

"नीट बघ तरी!"

"बघितलं. नंतर विचार."

दुसरा, तिसरा, दहावा. तेच. मग बाईंनी फडताळावरच्या एका डोक्याकडे बोट दाखवलं, तर आई टुणकन उठली, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा सोनार. गालफडं कशी आत गेलीत! त्याच आठवड्यात दात काढले होते त्याचे. कवळी येईपर्यंत थांबतो म्हणाला, पण ह्यांना धीर कुठला." मग शेजारचा न्हावी, मग पोस्टातल्या बाई, मग ज्यांच्या नाकावरून बाबांचं आणि त्यांचं वर्षभर वाजलं होतं ते वकील. घडाघडा सांगत सुटली. बाबा ह्या सगळ्यांना 'मंडळी' म्हणायचे. सकाळी कुलूप काढलं, की आधी विचारायचे, "काय मंडळी, झाली का झोप?"

मी कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाठोड्याकडे वळले, तर आई तिथून ओरडली, "त्याला हात लावायचा नाही! ते हे फोडणार आहेत."

मी बाईंकडे पाहिलं. बाई स्वतःच्या हातमोज्यांकडे पाहत राहिल्या.

५ नोव्हेंबर

दादाला फोनवर गाठोडं म्हणजे काय हे समजावताना आज नाकी नऊ आले. शिल्पकाराचा मुलगा आणि शेडमध्ये कधी तासभर बसला नाही. लांब राहतो, म्हणून त्याला सगळं सोपं दिसतं.

आधी मातीचं डोकं करायचं. त्यावर नीळ घातलेल्या प्लास्टरचा पातळ थर, त्यावर पांढऱ्याचा जाड थर. तो वाळला की खालून माती खरवडून काढायची. आत राहिली पोकळी, त्यात साबणाचं पाणी फिरवायचं आणि नवं प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं, की बाहेरचं कवच छिन्नीने फोडायचं. पांढरं बेधडक फोडायचं. निळं दिसलं की हात आवरायचा, कारण निळ्याच्या खाली माणूस आहे. असा साचा एकदाच कामाला येतो, फुटला की संपला.

बाबांनी कोपऱ्यातल्या साच्यात प्लास्टर ओतलं, हात धुतले, घरी आले, जेवले, झोपले आणि उठलेच नाहीत. आत कोण आहे हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. निदान मला तरी नाही.

बाईंनी यादीत लिहिलंय, 'न उघडलेला साचा, एक.' त्यांचा नियम असा, की वस्तू जशी मिळाली तशीच ठेवायची. एकदा सही झाली की तिला टोचासुद्धा लावता येणार नाही.

"मग आत कोण आहे ते कधीच कळणार नाही?" मी विचारलं.

"पुढेमागे एक्स-रे काढता येईल," बाई म्हणाल्या.

आई स्टुलावरून म्हणाली, "माणूस आत गुदमरतोय आणि ह्या त्याचा फोटो काढणार!"

तेव्हापासून आईने बाईंचं नाव 'हातमोजे' ठेवलंय. तोंडावर बाई, पाठीमागे हातमोजे.

८ नोव्हेंबर

आईचं काहीतरी बिनसलंय आणि मला भीती वाटते.

आज तिने चहा ओतताना कपाच्या आत बोट धरलं. चहा बोटाला लागला तेव्हा ओतायची थांबली. मी ओरडले, "भाजेल ना!" तर म्हणे, "भरला किती ते कळतं." जन्मभर चहा करणाऱ्या बाईला हे बोट घालून बघावं लागतं? आणि त्या चहात साखरेऐवजी मीठ. बाईंनी बिचाऱ्यांनी अर्धा कप प्यायला आणि 'वेगळा आहे' म्हणाल्या. चष्मा कायम डोक्यावर. डोळ्यांवर घे म्हटलं, तर म्हणते, "असू दे, त्याला तिथून छान दिसतं."

आणि ते गाठोडं. रोज निघताना त्याच्यावर तळवा ठेवते आणि पुटपुटते, "वाळू दे अजून." अगं, दोन महिन्यांत त्याचा दगड झालाय!

दादा म्हणाला, वय झालं की विसरण्याचा आजार होतो, तसंच असणार. बाबा गेलेत हेच तिच्या लक्षात राहत नसेल. मी 'बरं ठेवते' म्हणून फोन ठेवला. पुढे ऐकायचं नव्हतं मला.

९ नोव्हेंबर

दादाने मोबाइलवर एक चाचणी पाठवली. विसरणाऱ्या माणसांची घेतात म्हणे. आईला सांगितलं, एक खेळ आहे.

पाच शब्द लक्षात ठेवायचे. खुर्ची, पाऊस, लिंबू, घोडा, खिडकी. आईने पाचही सांगितले. मग उलटे सांगितले. मग विचारलं, "घोड्याला लिंबू कशाला?" शंभरातून सात सात वजा करत जायचं होतं, तिथे मी चुकले आणि तिने मला दुरुस्त केलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण मग चित्रं आली. प्राण्यांची.

"हा कोण, सांग?"

"असेल कुणीतरी."

"आई, प्राणी आहे."

"मग प्राणी असेल."

"गेंडा आहे गं, गेंडा!"

"तुला माहीत आहे, तर मला कशाला विचारतेस?"

घड्याळाचं चित्र काढ म्हटलं, तर कागदच बाजूला सारला. "घरात चित्रं काढणारा एक होता, तेवढा पुरे."

दादाला कळवलं, शब्द पैकीच्या पैकी, चित्रं शून्य. त्याच्या मते हे फारच गंभीर. अर्धी स्मरणशक्ती गेली असणार. अशी अर्धी अर्धी जाते का, कुणास ठाऊक. मी दातांच्या कवळ्या करणारी बाई, मला जबड्याच्या वरचं काही कळत नाही.

१२ नोव्हेंबर

आज अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लॅबमधून दुपारी सुटून शेडमध्ये गेले, तर बाई आणि आई पत्र्याची पेटी मध्ये घेऊन खिदळत बसलेल्या. बाईंच्या हातात फोटो आणि त्या बोलतायत, "हा एक उंच गृहस्थ आहे काकू, टक्कल आहे, हातात छत्री, आणि मागे शिडी टेकवलेली." लगेच आई, "अहो, तो रंगारी! शिडीवरून पडला होता. आणि छत्री आमची, परत नाही दिली मेल्याने." पुढचा फोटो. "दोन बायका, एक जाड, एक बारीक, बारीक बाईंचे डोळे मिटलेत." आई, "ती माझी नणंद. फोटोवाल्याने एक-दोन-तीन म्हटलं, की ती हटकून डोळे मिटायची."

अर्ध्याअधिक पेटीचं काम झालेलं! इतके दिवस मी विचारत होते तेव्हा हिला काही आठवत नव्हतं, आणि हातमोज्यांनी विचारलं की सगळं आठवतं! मी फणकाऱ्याने म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

आई म्हणाली, "तू फोटो नाकासमोर धरतेस आणि कोण कोण करतेस. ह्या बाई नीट सांगतात."

नीट काय सांगायचंय त्यात? फोटो तर समोर आहे. पण बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या, आणि मी दोरीचं बंडल आपटून बाहेर आले. पोटच्या पोरीपेक्षा परकी बाई जवळची झाली म्हणायची.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काम झालं ना?" ह्या माणसाला काही सांगण्यात अर्थ नाही.

१४ नोव्हेंबर

एक आश्चर्य. बाईंनी आज हातमोजे काढले. आईने त्यांचा हात धरून न्हाव्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "इथे, कानामागे बघा. ह्यांचा अंगठा उमटलाय." बाईंनी डोळे मिटून तो ठसा चाचपला. असं यांच्या नियमात बसतं का ते विचारायचं राहूनच गेलं.

तो ठसा मी आजवर पाहिला नव्हता.

१७ नोव्हेंबर

आज भांडले. लिहायलाही बरं वाटत नाही, पण लिहिते.

फोटो संपले, मंडळी बांधून झाली, सोनार आणि वकील एका खोक्यात गेले. राहिली सही. बाईंनी कागद ठेवला. आई म्हणाली, "आधी गाठोडं. तोवर सही नाही." बाईंनी मऊ आवाजात सांगितलं, की ट्रक तीस तारखेला येणार आहे. मालकही दारात येऊन मिशी कुरवाळून गेला. माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "आई, बाबा गेले! ते येणार नाहीत फोडायला! का समजून घेत नाहीस?"

आई जराही चिडली नाही. म्हणाली, "मला माहीत आहे गं. मी होते ना शेजारी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग 'वाळू दे, वाळू दे' काय करतेस रोज?"

"मग काय म्हणू? फोडणारा माणूस गेला. दुसऱ्या कुणाचा हात ओळखीचा नाही. एक घाव जास्त पडला तर नाक जातं. म्हणून थांबले होते." मग माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या कानाकडे बघत, म्हणाली, "तुझा हात कसा आहे?"

मी म्हटलं, "मी दात करते आई. डोकी नाही."

"प्लास्टर तेच ना?"

बाबा नेहमी चिडवायचे, मी डोकी करतो, पोरगी दात करते, आता जबड्यासाठी कुणीतरी शोधा. लॅबमध्ये रोज मी साच्यातून कवळी मोकळी करते, केसभर चूक चालत नाही. पण बाबांच्या साच्याला मी कधी छिन्नी लावली नव्हती. मी बाईंना विचारलं, "चालेल का?"

बाई म्हणाल्या, "सही झाली की ती वस्तू आमची आणि नियमही आमचे. अजून सही झालेली नाही. अजून ते तुमच्या घरचं गाठोडं आहे." आणि पर्स उचलून म्हणाल्या, "उद्या मी जरा उशिरा येईन."

१९ नोव्हेंबर

काल फोडलं. काल लिहिणं शक्य नव्हतं.

बाबांची बोथट छिन्नी घेतली, लाकडी हातोडी घेतली, आणि पांढरं उडवायला सुरुवात केली. पहिले घाव असे भित्रे, की आई म्हणाली, "दार वाजवतेस का?" मग जोर आला. मोठाले तुकडे पडले. निळं दिसलं तशी मी थांबले, घाम पुसला, आणि लॅबमधली बारीक हत्यारं काढली. निळं पापुद्र्यासारखं निघत गेलं आणि डाव्या बाजूने कान बाहेर आला. नुसता कान. कुणाचाही असेल असा.

"सरक," आई म्हणाली.

तिने दोन बोटं त्या कानाच्या पाळीवर ठेवली, मागे नेली, आणि तिथेच थांबली.

"हे आहेत," ती म्हणाली.

"कोण हे?"

"अगं, हे! तुझे बाबा!"

बाबांनी जन्मात स्वतःचं डोकं केलं नव्हतं. कुणी सुचवलं की म्हणायचे, रोज आरशात बघतो तेवढं पुरे. मी म्हटलं, "नुसत्या कानावरून कशी सांगतेस? नीट बघ तरी."

तेव्हा आई बाबांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बघू कशी? मला दिसत नाही बाळा."

आंधळी नाही, म्हणते. मधलं गेलंय, कडेचं दिसतं. चालता येतं, दार सापडतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. माझ्याकडे बघितलं, की तिला माझे कान दिसतात, केस दिसतात, तोंड दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं. माहीत होतं फक्त बाबांना. एक दिवस त्यांचंही तोंड दिसेनासं झालं, तेव्हा ती शेडमध्ये येऊन रडली होती. बाबा म्हणाले, एवढंच ना, थांब, तुझ्या बोटांना कळेल असा मी मला करून ठेवतो. माती लावताना रोज तिला बोलवायचे, इथे हात लाव, हा मीच का, असं विचारायचे. ती म्हणायची, हनुवटी खोटी आहे. मग परत करायचे. ओतायच्या दिवशी म्हणाले, वाळू दे, मी फोडतो, मग हा तुझा.

मी लहान मुलासारखी भोकाड पसरून रडले. मग रागावले. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू मला गॅसजवळ उभं राहू दिलं असतंस?"

नसतं दिलं.

"आणि हातमोज्यांना सांगितलंस?"

"नाही गं. पहिल्या आठवड्यात मी फोटो उलटा धरला होता. त्यांनी काही न बोलता सुलटा केला."

मला ते दिसलं नाही. मी आईला गेंडा ओळखायला लावत होते.

२० नोव्हेंबर

सबंध डोकं मोकळं झालं. नाक शाबूत आहे, याचा मला माझ्या सगळ्या कवळ्यांपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

खरं लिहायचं तर डोळ्यांना हे बाबांचं सर्वांत ओबडधोबड काम आहे. सगळं जास्तीचं. गालावर दाढीचे खुंट तांदळाच्या कणीएवढे, कपाळावरच्या आठ्या दोरीएवढ्या, डाव्या भुवईतला व्रण चांगला खोल. वकिलांच्या नाकावर महिने घालवणारा माणूस असं कसं करेल, असं कुणालाही वाटावं. बाईंनाही वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्यांनी डोळे मिटून हात फिरवला, आणि परत एकदा फिरवला.

आई म्हणाली, "दाढी दोन दिवसांची आहे. आळशी होते हे त्या बाबतीत."

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आईला मी कसा दिसतो, तेही..." येत्या आठवड्यात येतो म्हणालाय. लांब राहणं सोपं नसतं बहुतेक.

२३ नोव्हेंबर

बाईंनी वरच्या साहेबांना कळवलं. कळवणं भागच होतं, त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. साहेबांचं उत्तर आलं. शिल्पकाराचं स्वतःचं एकमेव डोकं वगळून संग्रह घेता येणार नाही. सगळं किंवा काही नाही. सव्वीसला स्वतः बघायला येणार.

म्हणजे आईने बाबा द्यायचे, नाहीतर मंडळी भंगारात. आणि एकदा तिथे गेलं की काचेच्या कपाटात. हात लावायची मनाई.

आई दिवसभर डोकं मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळी म्हणाली, "ह्यांची एवढी वर्षांची मंडळी मी रस्त्यावर नाही काढणार. देऊन टाक."

असं म्हणाली आणि हात मात्र काढला नाही.

मला एक सुचलंय. रात्रभर उशीवर डोकं ठेवून तेच चालणार, त्यापेक्षा लिहून झोपते. दातांचा ठसा घ्यायचं रबर. ते सुरकुतीसुद्धा सोडत नाही.

२५ नोव्हेंबर

लॅबमधलं सगळं रबर संपलं. गावातल्या अर्ध्या लोकांच्या कवळ्या आता लांबणार. मालकीणबाईंना सांगितलं, वडिलांचा ठसा घेतेय, तर त्या म्हणाल्या, वडील गेले ना? मी हो म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

दोन भागांत साचा घेतला, प्लास्टर ओतलं. हा साचा फोडावा लागत नाही, नुसता सोलायचा. मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवली, तर मलाच कुठलं कुठलं कळेना. स्वतःच्या हाताची इतकी खुशी मला कधी झाली नव्हती.

२६ नोव्हेंबर

साहेब आले. मी कल्पना केली होती तसे नव्हते, बुटके, दमलेले, सर्दी झालेली. टेबलावर दोन बाबा. साहेबांनी चष्मा पुसून दोन्हींकडे पाहिलं, फिरून पाहिलं, आणि म्हणाले, "यातलं मूळ कुठलं?"

मला सांगायचं होतं, पण आई उठली. दोन्ही डोक्यांवर एकेक हात ठेवला, आणि लगेच उजवं माझ्याकडे सारलं. "हे तू केलंस."

"कशावरून?"

"मिशीपाशी बुडबुडा राहिलाय. हे असले बुडबुडे ठेवत नसत."

राहिला होता. टाचणीच्या टोकाएवढा. माझी खुशी तिथेच उतरली.

आई साहेबांना म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे येणारे लोक काय करणार? बघणार. त्यांना डोळे आहेत, त्यांना नक्कल द्या. मला हे लागतात."

साहेब म्हणाले, "अहो काकू, प्लास्टर आहे हे. रोज हात लावलात तर दहा वर्षांत नाक झिजून जाईल."

"तोवर मीही झिजेन," आई म्हणाली. "मग घेऊन जा. जे उरलं असेल ते."

साहेबांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. सर्दीच होती, मी उगाच काही लिहीत नाही. पण रुमाल खिशात जायला फार वेळ लागला. मग बाईंकडे वळून म्हणाले, "अशी नोंद करता येते का आपल्याला?"

बाई म्हणाल्या, "करता येते," आणि म्हणता म्हणता लिहिलीसुद्धा. मी वाकून वाचली. 'मूळ डोकं कुटुंबाकडे. वापरात.'

आईने सही केली. मी तिचं बोट ओळीवर धरलं. सही ओळीच्या खाली गेली, पण झोकदार आली.

३० नोव्हेंबर

ट्रक गेला. बाईंनी शेवटचं खोकं चढवलं आणि आईच्या गळ्यात पडल्या. आई त्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "अगंबाई, तुम्ही तर तरुण आहात!" बाई हसता हसता रडल्या. पुढच्या महिन्यात आईला तिकडे बोलावलंय, मंडळींना भेटायला, हातमोज्यांशिवाय. दर महिन्याला येत जा म्हणाल्या.

शेड रिकामी झाली, तशी फार लहान दिसायला लागली. मालकाने स्वतः झाडू मारला.

बाबांना मांडीवर घेऊन आई रिक्षात बसली. रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "आजी, कोण हे?" आई म्हणाली, "नवरा. सावकाश चालवा." तो बिचारा सगळा रस्ता वीसच्या वर गेला नाही.

घरी आल्यावर मी सोय विचारली. कपाटावर ठेवू, की टेबलावर? आईने पलंगाच्या डाव्या अंगाचा खण दाखवला, हाताशी येईल असा. दादाने टेकू करून दिला. तो कालच आलाय, आणि आल्यापासून खोलीत शिरला की आधी 'मी आहे गं' म्हणतो. दोघांचं नीट जमलंय.

मी निघताना आई पलंगावर आडवी झाली होती. बाबांच्या गालावर तळवा ठेवला आणि एकदम दचकून मला हाक मारली.

"काय गं, काय झालं?"

"गार पडलेत हे. ती खिडकी लाव."

मी खिडकी लावली.